बर्फ, टायर आणि चाकाचा आकार: ९० वर्षांची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना आकडे निसटले असतील, तर इथे निवांत वाचा.)

आजच्या भागाची सुरुवात एका व्हॉइस मेसेजने करतो. आपला एक श्रोता आहे, मूळ पुण्याचा, दीड वर्षापासून कॅनडात ऑन्टारियोमध्ये राहतो. त्याने सेकंडहँड टोयोटा रॅव्ह फोर घेतली आहे. मेसेज साधारण असा होता:

"दादा, गाडीला ऑल व्हील ड्राइव्ह आहे. मागच्या मालकाने १९ इंची मस्त अलॉय ठेवलेत. आता सगळे म्हणतात विंटर टायर घे, आणि दुकानवाला म्हणतो त्यासोबत १७ इंची रिम घे. चारही चाकं बदलायची म्हणजे बराच खर्च आहे. डिसेंबरमध्ये आई-बाबा येतायत, मागे दीड वर्षाची मुलगी असते. खरंच लागतं का हे, की दुकानवाल्याचा धंदा आहे? आणि मोठी चाकं काढून छोटी का घालायची?"

खरं सांगतो, पहिल्यांदा वाटलं की आपला पॉडकास्ट इतिहासाचा, यात आपण काय सांगणार! पण शोधायला लागलो तसं लक्षात आलं की या प्रश्नाचं उत्तर इतिहासातच आहे. एक गोष्ट बर्फ मागत आला आणि एक गोष्ट फॅशन मागत आली. या दोघांच्या ओढाताणीत आपल्या मित्राची गाडी उभी आहे. तर चला, मागे जाऊया.

नोकियाचा टायर

तुमच्या घरात एखाद्या ड्रॉवरमध्ये नोकियाचा जुना फोन नक्की पडलेला असेल. ११०० असेल तर त्याचा टॉर्चही लागत असेल अजून! पण नोकिया हे मुळात फिनलंडमधल्या एका गावाचं नाव आहे. आणि फोनच्या खूप आधी त्या गावात रबर तयार व्हायचं.

फिनिश रबर वर्क्स ही कंपनी १८९८ साली हेलसिंकीत सुरू झाली आणि १९०४ मध्ये तिचा कारखाना नोकिया गावात गेला. सुरुवातीला रबरी बूट, गमबूट असा माल. बर्फ आणि चिखलाच्या देशात त्याला मरण नव्हतं. पुढे १९३२ मध्ये त्यांनी मोटारींचे टायर बनवायला घेतले. याच रबर कंपनीचं १९६७ मध्ये केबल बनवणाऱ्या आणि कागद बनवणाऱ्या कंपनीशी एकत्रीकरण झालं आणि त्यातून नोकिया कॉर्पोरेशन उभी राहिली. म्हणजे आपल्या फोनचा आणि बर्फातल्या टायरचा पूर्वज एकच. टायरचा व्यवसाय १९८८ मध्ये वेगळा झाला. आज तो नोकियन टायर्स या नावाने चालतो.

आता १९३० च्या दशकातला फिनलंड डोळ्यांसमोर आणा. रस्ते कित्येक महिने बर्फाखाली. नांगराने बर्फ बाजूला काढण्याची सोय आजच्यासारखी नाही. माल पोचवायचा तर ट्रकलाच जायचंय. तोवर उपाय एकच होता, साखळ्या. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड यांनी १९०४ साली टायरवर चढवायच्या साखळ्यांचं पेटंट घेतलं होतं. लोक चिखलात चाकाला दोर गुंडाळतात, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. साखळ्या पकड देतात, वाद नाही. पण गोठवणाऱ्या थंडीत रस्त्यावर वाकून त्या चढवायच्या, मोकळा रस्ता आला की काढायच्या, वेगाने तर जायचंच नाही.

नोकियाच्या लोकांनी विचार केला की पकड बाहेरून बांधण्यापेक्षा टायरमध्येच का देऊ नये? १९३४ मध्ये त्यांनी ट्रकसाठी 'केलीरेंगास' आणला. शब्दाचा अर्थ साधाच, 'हवामानाचा टायर'. त्याच्या नक्षीत आडव्या खोल खाचा होत्या. बर्फाळ देशासाठी मुद्दाम घडवलेला हा जगातला पहिला विंटर टायर मानतात. दोन वर्षांनी, १९३६ मध्ये, कारसाठीचा टायर आला. नाव, 'लुमी-हक्कापेलीत्ता'.

लुमी म्हणजे बर्फ. आणि हक्कापेलीत्ता? युरोपात १६१८ ते १६४८ असं तीस वर्षांचं युद्ध झालं. स्वीडनच्या राजाच्या सैन्यात फिनलंडचे घोडेस्वार होते. हल्ला करताना त्यांची आरोळी असायची, 'हक्का पॅल्ले', म्हणजे 'तुटून पडा'! त्यावरून त्या घोडदळाला हक्कापेलीत्ता म्हणू लागले. त्यांचा राजा गुस्टाव्ह अडॉल्फ १६३२ मध्ये लढाईत पडला, तेव्हा आपले शिवराय दोन वर्षांचे होते. त्या आरोळीचं नाव आजही टायरवर छापलेलं मिळतं.

आडव्या खाचा का, हे समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बर्फाला सगळ्यात चांगलं काय चिकटतं? बर्फच! मुठीत दाबला की गोळा होतो ना, तसाच तो टायरच्या खाचेत दाबला जातो, आणि खाचेतला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. उन्हाळी टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकायला असतात, विंटर टायरच्या खाचा बर्फ धरून ठेवायला.

खिळे आले, खिळे गेले

पण बर्फ एकाच प्रकारचा नसतो. भुसभुशीत बर्फ वेगळा आणि काचेसारखा गोठलेला थर वेगळा. त्या थरावर खाचा काय धरणार? मग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला टायरमध्ये धातूचे छोटे खिळे बसवायला सुरुवात झाली. फिनलंड, स्वीडन, जर्मनी, अमेरिका, कॅनडा, जपान, सगळीकडे ते भराभर पसरले. गोठलेल्या थरावर त्यांचा खरंच फायदा होत होता.

मात्र हिवाळाभर रस्त्यावर रोज बर्फ नसतो. कोरड्या डांबरावर लाखो खिळे घासायला लागले की काय होणार? रस्त्यांना चर पडले. अमेरिकेतल्या मिनेसोटाने आणि कॅनडातल्या ऑन्टारियोने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच खिळ्यांवर बंदी घातली, पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये. आपला मित्र राहतो त्या ऑन्टारियोत पुढे फक्त उत्तर भागाला सूट मिळाली, दक्षिणेत खिळे बंदच राहिले.

सगळ्यात बोलकी गोष्ट जपानच्या सेंदाई शहराची. या शहरात थंडी पडते, पण बर्फ सतत साचून राहत नाही. खिळेवाले टायर चढवून गाड्या कोरड्या रस्त्यावरून धावायच्या आणि डांबराची बारीक पूड हवेत उडायची. १९८० च्या सुमारास हिवाळ्यात शहरावर धुळीचा पडदा असायचा. लोक सेंदाईला वाळवंट म्हणू लागले. म्हणजे माझी गाडी घसरू नये म्हणून मी जे लावलं, ते सगळ्या शहराच्या श्वासात जात होतं. लोकांनी आवाज उठवला आणि शेवटी १९९० मध्ये जपानने देशपातळीवर कायदा करून खिळेवाल्या टायरवर बंधनं आणली.

बंदी घालणं सोपं, पण लोकांनी गाड्या कशा चालवायच्या? मग टायर कंपन्यांना रबराकडे वळावं लागलं. ब्रिजस्टोनने १९८८ मध्ये जपानमध्ये 'ब्लिझॅक' आणला. त्याच्या रबरात अगदी बारीक बुडबुडे असतात, ब्रेडच्या स्लाइससारखे. गोठलेल्या थरावर टायर दाबला की पाण्याची पातळ फिल्म तयार होते, आणि घसरवते ती खरं तर हीच. ते बुडबुडे तेवढं पाणी ओढून घेतात आणि रबर थेट बर्फाला भिडतं. खिळ्याचं काम रबराने करायला सुरुवात केली.

त्याच टायरवर तुम्हाला ब्लेडने चिरल्यासारख्या शेकडो बारीक रेघा दिसतील. त्यांना सायप म्हणतात. जॉन साइप नावाच्या अमेरिकन माणसाने १९२३ साली याचं पेटंट घेतलं होतं. ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून बुटाच्या रबरी तळाला चिरा पाडल्या, आणि त्यातून ही युक्ती निघाली, अशी गोष्ट सांगतात. बुटावरून टायरवर आली आणि आज प्रत्येक विंटर टायरवर आहे.

तूप थिजतं, तसं रबर

आता येऊया तापमानाकडे. थंडीत डब्यातलं साजूक तूप थिजतं, चमचा आत जात नाही. रबराचंही तसंच. साधा टायर थंडीत कडक होतो आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत मिसळत नाही, वरवर सरकतो. विंटर टायरचं मिश्रण असं बनवलेलं असतं की ते थंडीतही मऊ राहतं. म्हणून कंपन्या ७ अंश सेल्सियसचा ठोकताळा सांगतात. पारा सतत त्याच्या खाली राहायला लागला की टायर बदला, पहिल्या बर्फाची वाट बघू नका. उलट उन्हाळ्यात हाच मऊ टायर खोडरबरासारखा झिजतो आणि ब्रेकही लांब लागतो. म्हणून दोन सेट.

पण दुकानात समोर ठेवलेला टायर खरंच हिवाळ्याचा आहे, हे कसं ओळखायचं? यावर अख्ख्या देशांचा गोंधळ उडालाय.

टायरच्या बाजूवर 'एम प्लस एस' असं लिहिलेलं असतं. मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ. तुमच्या सोसायटीत उभ्या असलेल्या एखाद्या एसयूव्हीचा टायर जाऊन बघा, त्यावरही ते सापडण्याची बरीच शक्यता आहे. गंमत अशी की हे अक्षर नक्षीच्या रचनेवरून दिलं जातं. त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही! म्हणून १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या रबर उद्योगाच्या संघटनांनी नवं चिन्ह आणलं, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. दाबलेल्या बर्फावर ठरलेल्या प्रमाण टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त पकड दाखवली, तरच ते मिळतं.

जर्मनीत काय झालं ऐका. तिथे २००६ मध्ये नियम आला की हवामानाला योग्य असे टायर हवेत. एका चालकाला दंड झाला, प्रकरण ओल्डेनबुर्गच्या वरिष्ठ न्यायालयात गेलं आणि २०१० मध्ये न्यायालयाने म्हटलं की 'योग्य' म्हणजे नेमकं काय हेच नियमात स्पष्ट नाही, मग दंड कसा करणार? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारला नियम नव्याने लिहावा लागला. त्यात एम प्लस एस चालत होतं. पुढे २०१८ पासून बनलेल्या टायरसाठी हिमकणाचं चिन्ह सक्तीचं झालं आणि जुन्या एम प्लस एस टायरची सवलत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. म्युनिक, स्टुटगार्टला राहणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवा.

कॅनडात क्युबेकने २००८ च्या डिसेंबरपासून विंटर टायर सक्तीचे केले आणि २०१४ पासून तिथेही हिमकणाचं चिन्ह लागतं. शेजारच्या ऑन्टारियोत सक्ती नाही. पण २०१६ पासून विंटर टायर लावणाऱ्याला विमा कंपनीने हप्त्यात सवलत द्यायची, असा नियम आहे. मित्रा, तुझ्या खर्चातले काही डॉलर इथे परत मिळतील. फोन करून विचार!

चाकं मोठी का झाली?

आता दुसरा अर्धा प्रश्न. १९ इंच की १७?

फोर्डची मॉडेल टी गाडी १९०८ मध्ये आली. तिचे पुढचे टायर ३० इंच उंच आणि फक्त ३ इंच रुंद होते. सायकलच्या चाकासारखे दिसायचे. रस्ते म्हणजे चिखल, आणि उंच-अरुंद चाक चिखल कापत खालच्या टणक जमिनीपर्यंत पोचायचं. आपल्या बैलगाडीच्या चाकाचं तत्त्वही वेगळं नाही. मग रस्ते सुधारले, १९२० च्या दशकात जास्त हवा मावणारे फुगीर टायर आले आणि रिम लहान होत गेली. १९५९ च्या ब्रिटिश मिनीला तर अवघी १० इंची चाकं होती, म्हणजे आतली जागा वाचावी!

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला अरुंद टायर होते, ६ इंच रुंद आणि १६ इंची रिम. त्याच विलीज जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा कंपनी मुंबईत माझगावला जोडायला लागली. चिखलात जीप कशी जाते, हे आपल्या आजोबांच्या पिढीने त्या अरुंद टायरवरच पाहिलं.

१९७० मध्ये पहिली रेंज रोव्हर आली, तिलाही १६ इंची रिम आणि २०५ मिमी रुंदीचा टायर. आजच्या रेंज रोव्हरला २३ इंचांपर्यंत चाक मिळतं. आपल्या मित्राची रॅव्ह फोर? पहिली १९९४ ची, १६ इंची. पाचव्या पिढीत १७, १८ आणि १९.

मधल्या काळात काय घडलं? मिशेलिनने १९४० च्या दशकात रेडियल टायर आणला. त्याची बाजू लवचिक आणि तळ मजबूत, त्यामुळे पुढे टायरची भिंत बुटकी करणं शक्य झालं. भिंत बुटकी झाली की वळणावर गाडी कमी लवते, आणि मोठ्या रिममध्ये मोठे ब्रेक बसतात. हे खरे फायदे आहेत. रेसिंग आणि स्पोर्ट्स कारमधून ते १९७० च्या दशकात रस्त्यावर आले. पण एसयूव्हीपर्यंत पोचता पोचता कारण बदललं. गाडीची बॉडी उंच आणि जाड, त्यात छोटं चाक दिसायला बारीक वाटतं, म्हणून डिझायनरला मोठं चाक हवं. शोरूममध्ये महागड्या व्हर्जनची ओळखच मोठं अलॉय झाली.

हिवाळा मात्र १९३४ मध्ये जे मागत होता, तेच मागत राहिला. टायर थोडा अरुंद, म्हणजे पाणचट बर्फ कापून खाली जाईल. भिंत उंच, म्हणजे खड्डा झेलेल. हो, खड्डे फक्त आपल्याकडेच नसतात! डांबरातलं पाणी गोठतं, फुगतं, वितळतं आणि वसंत येईपर्यंत टोरंटोच्या रस्त्यांनाही मोठाले खड्डे पडतात. १९ इंची बुटका टायर खड्ड्यात आपटला की रिम वाकते. शिवाय रस्त्यावर टाकलेलं मीठ अलॉयची चमक खातं.

एक अपवाद सांगायला हवा. आइसलँडमध्ये हिमनद्यांवर जाणाऱ्या जीपना अवाढव्य रुंद टायर लावतात आणि हवा अगदी कमी ठेवतात. कारण तिथे खाली टणक रस्ताच नाही, बर्फावर तरंगायचं असतं. पण आपला मित्र मुलीला डेकेअरला सोडायला जातो, हिमनदीवर नाही.

ऑल व्हील ड्राइव्हचा भ्रम

आता ज्या वाक्यासाठी हा भाग केला ते वाक्य. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीला निघायला मदत करतं, थांबायला नाही.

इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळाली की गाडी बर्फातून झटक्यात निघते. पण ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. थांबताना सगळ्या सारख्याच, फरक करतो तो फक्त टायर. साधं गणित बघा. ताशी ५० किलोमीटर वेग. कोरड्या डांबरावर चाकं गच्च धरून थांबायला साधारण १२ मीटर लागतात, एका एसटी बसएवढं अंतर. दाबलेल्या बर्फावर साधारण ४० मीटर, तीन एसटी एकामागे एक. आणि गोठलेल्या काचेसारख्या थरावर शंभरेक मीटर, म्हणजे आठ एसटी! यात तुम्हाला ब्रेक दाबायचं सुचेपर्यंत गेलेलं अंतर धरलेलंच नाही. या गणितात गाडीचं वजनही कुठे येत नाही. 'माझी गाडी जड आहे, रस्ता धरून ठेवते' हा समज इथे कोसळतो. जड गाडी लवकर थांबत नाही, आदळते मात्र जोरात.

म्हणून घसरणाऱ्या रस्त्यावर ऑल व्हील ड्राइव्ह थोडं फसवतं. निघताना चाक फिरलं नाही, की आपल्याला वाटतं रस्ता बरा आहे. रस्ता कसा आहे हे पहिल्या ब्रेकला कळतं.

एसयूव्ही आणि टायर या नात्याने एकदा मोठी किंमत वसूल केली आहे. अमेरिकेत ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीवर होते. वेगात टायरचा वरचा थर सुटायचा आणि उंच गाडी उलटायची. २०० पेक्षा जास्त मृत्यू त्याच्याशी जोडले गेले. टायरचा दोष, गाडीची उंची आणि फोर्डने सांगितलेली कमी हवा, २६ पीएसआय, यावर दोन्ही कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या. त्याच वर्षी अमेरिकेने नवा कायदा केला आणि त्यातून पुढे टायरमधली हवा मोजणारे सेन्सर नव्या गाड्यांना सक्तीचे झाले. डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागतो ना, त्यामागे ही माणसं आहेत. आणि थंडीत तो दिवा जास्त लागतो, कारण पारा साडेपाच अंश उतरला की हवा साधारण १ पीएसआय कमी होते. ऑक्टोबरला भरलेली हवा जानेवारीत पुरत नाही.

तर मित्रा, तुझं उत्तर

आता तुझ्या टायरवरचे आकडे वाचूया. २३५/५५ आर १९. २३५ म्हणजे रुंदी मिमीमध्ये. ५५ म्हणजे भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, साधारण १२९ मिमी. १९ म्हणजे रिमचा व्यास इंचात. सगळं मिळून चाकाची उंची ७४१ मिमी.

त्याच पिढीच्या खालच्या व्हर्जनला कंपनी २२५/६५ आर १७ देते. रुंदी १० मिमी कमी, भिंत १४६ मिमी, म्हणजे १७ मिमी जास्त गादी. एकूण उंची ७२४ मिमी. फरक सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. काटा १०० दाखवेल तेव्हा खरा वेग ९८ च्या जवळ असेल, आणि गाडी जेमतेम ८ मिमी खाली येईल. म्हणजे छोटं चाक घातलं म्हणून गाडी बुटकी होत नाही. रिम लहान होते, रबर वाढतं. दुकानवाला धंदा करतोच आहे, पण या बाबतीत खरं सांगतोय.

घेण्याआधी एवढं तपास:

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर आणि मॅन्युअल बघ. तुझ्या व्हर्जनचे ब्रेक १७ इंची रिममध्ये बसतात ना, हे आधी लेखी विचार. काही हायब्रिड व्हर्जनना किमान रिम मोठी लागते. नटांच्या भोकांची मांडणी आणि ऑफसेट जुळायलाच हवा.

टायरवर हिमकणाचं चिन्ह हवंच. नुसत्या एम प्लस एसवर भागवू नकोस. 'ऑल-सीझन' नावाच्या बऱ्याच टायरवर तेवढंच असतं. 'ऑल-वेदर' प्रकारावर हिमकण असतो, तो मधला पर्याय आहे. पण हिमकणाची चाचणी दाबलेल्या बर्फावरची आहे, गोठलेल्या थराबद्दल ती काही सांगत नाही. तू राहतोस तिथे तो थर नेहमीचा असेल, तर खास विंटर टायरच घे.

मापानंतर येणारा आकडा म्हणजे वजन पेलण्याची क्षमता. १०२ असेल तर एका टायरला ८५० किलो. मूळ टायरपेक्षा कमी आकडा चालणार नाही.

चारही टायर बदल. फक्त दोन बदलले तर गाडीचं एक टोक धरतं आणि दुसरं सुटतं, वळणावर गाडी स्वतःभोवती फिरते.

साध्या स्टीलच्या रिम घे. टायर त्यांच्यावर कायमचे बसवून ठेवले की दरवर्षी टायर काढा-घालायचा खर्च वाचतो आणि तुझे मस्त अलॉय मिठापासून वाचतात. एक सेट वापरात असताना दुसरा आराम करतो, म्हणजे दोन्ही जास्त वर्षं टिकतात. रिममध्ये हवेचे सेन्सर टाकायला सांग. चाकं बदलल्यावर शंभरेक किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळून घे.

आणि खाचा मोज. कायदेशीर किमान बऱ्याच देशांत १.६ मिमी आहे, पण ऑस्ट्रिया विंटर टायरला ४ मिमीच्या खाली विंटर टायर मानतच नाही. गोटा झालेला विंटर टायर आणि उन्हाळी टायर, बर्फाला दोन्ही सारखेच.

भारतातल्या श्रोत्यांसाठीही एक गोष्ट. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून पुण्या-मुंबईहून स्वतःची एसयूव्ही घेऊन हिवाळ्यात मनालीच्या पलीकडे जाणारे वाढलेत. इथल्या फोर बाय फोरलाही तोच नियम आहे. टायरवरच्या एम प्लस एसवर विसंबू नका. साखळ्या जवळ ठेवा, घरासमोर एकदा चढवून बघा, आणि पोलीस थांबा म्हणाले तर थांबा.

आपल्या मित्राला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे छोटंच घेऊ?" म्हटलं, छोटं नाही रे, तुझ्या गाडीला कंपनीनेच दिलेलं माप आहे ते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला घाल, गर्दी व्हायच्या आत. आणि आई-बाबा यायच्या आधी, रिकाम्या पार्किंगमध्ये पहिल्या बर्फात दोन-चार वेळा ब्रेक दाबून बघ. गाडी किती लांब जाऊन थांबते, ते एकदा पायाला कळू दे.

तुमच्यापैकी कोणी बर्फाच्या देशात गाडी चालवत असेल, तर पहिल्या हिवाळ्याचा अनुभव व्हॉइस मेसेजवर नक्की पाठवा. निवडक अनुभव पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. तोपर्यंत काळजी घ्या, टायरमधली हवा तपासा, आणि पुढच्या भागात भेटूच.